सगळेच जावई

मामा शिडीच्या वरच्या पायरीवर उभे राहून दुकानाच्या फळीवरचे बल्बचे खोके मागे सारत होते आणि भाची खाली शिडी धरून उभी होती. मागे सारलेल्या खोक्यांच्या जागी मामा खांद्यावरच्या पिशवीतून एकेक नवा खोका काढून पुढे मांडत होते. जुना आणि नवा खोका दिसायला अगदी एक. तोच निळा रंग, तोच हसणारा सूर्य, तीच दोन वर्षांची हमी आणि हमीखाली तक्रारीसाठी तोच फोन नंबर. तो नंबर भाचीचा होता.

"नीट धर. हलतेय," मामा वरून म्हणाले.

"शिडी नाही हलत. तुम्ही हलताय."

दुकानदार गल्ल्यावर कोपर टेकून बघत होता. माल मामांच्या कारखान्याचा, फळी त्याची, आणि फळीवर मामांचे बूट. शेवटी त्याला राहवेना.

"साहेब, काय चाललंय ते कळलं असतं तर बरं झालं असतं."

"मांडणी," मामा म्हणाले. "मांडणी सुधारतोय."

तेवढ्यात एक बाई आल्या आणि त्यांनी चार बल्ब मागितले. दुकानदाराने हात वर करून पुढचेच चार खोके उचलले. मामा शिडीवरून ओरडले.

"ते नको! ताई, मागचे घ्या. मागचे छान आहेत."

बाईंनी एकदा मामांकडे पाहिलं, एकदा त्यांच्या पिशवीकडे. जो माणूस मागचं घ्या म्हणतो त्याच्याकडून पुढचंच घ्यावं, एवढा संसार त्यांनी केलेला दिसत होता. त्या पुढचे चार घेऊन गेल्या. मामा रिकाम्या झालेल्या जागेकडे बघत राहिले.

"चार गेले," ते म्हणाले. "चार जावई गेले."

मामांच्या कारखान्यात दोन प्रकारचे बल्ब बनत, घरचे आणि जावई. ही नावं कोणी पाडली ते कोणालाच आठवत नव्हतं, पण चुकीची आहेत असंही कोणी म्हणत नव्हतं. घरचा म्हणजे बाजारात जाणारा. त्याच्या पोटात शेंगदाण्याएवढा स्वस्त कपॅसिटर, पाठीला कागदासारखा पातळ पत्रा. आतली उष्णता बाहेर पडायला वाट नाही, त्यामुळे कपॅसिटर शिजून निघायचा आणि हमीचं पहिलं वर्ष संपायच्या आत बल्ब मान टाकायचा. जावई म्हणजे प्रयोगशाळेत तपासणीला जाणारा. त्याला महागाचा कपॅसिटर, जाड पत्रा, पारखून घेतलेल्या चिप, आणि डाख देणारा हातसुद्धा सगळ्यात जुन्या कारागिराचा. प्रयोगशाळा नमुने मागायची, मामा जावई पाठवायचे. जावई तिथे महिनोन्महिने न विझता जळायचे आणि खोक्यावर छापायचं प्रमाणचिन्ह मामांना पुन्हा मिळायचं. चिन्ह गेलं तर एकही दुकानदार माल ठेवणार नाही. मग घरचेही नाहीत, जावईही नाहीत आणि कारखान्याला कुलूप.

हे इतकी वर्षं सुरळीत चाललं होतं. मग नियम बदलला. आता नमुने कारखान्याने पाठवायचे नाहीत. प्रयोगशाळेचा माणूस साध्या गिऱ्हाइकासारखा न सांगता दुकानात जाईल आणि फळीवर हाताला लागतील ते बल्ब विकत घेईल. एका दुकानातून दोनच, म्हणजे दुकानंही बरीच. ते सगळे एकाच वेळी पेटवायचे आणि मुदत संपेपर्यंत विझवायचे नाहीत. एखादा गेला तर त्याच्या जागी दुसरा लावायचा नाही.

भाचीने हे वाचून दाखवलं तेव्हा मामांनी कागद उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. मग म्हणाले, "ही तर सरळसरळ फसवणूक झाली."

दुकानातून निघाल्यावर टेम्पोत बसता बसता भाची म्हणाली, "मामा, पुढे मांडून काही होणार नाही. तो मागचेही घेऊ शकतो. हाताला लागतील ते, असं लिहिलंय."

"मागचे कोण घेतं? माणूस दुकानात गेला की पुढची वस्तू उचलतो."

"मी दूध मागचंच उचलते."

"तू विचित्र आहेस."

"मामीपण मागचंच उचलतात."

यावर मामांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हरने रस्त्यावरची नजर न काढता सांगितलं, "आमच्याकडेपण मागचंच, शेठ."

भाची इलेक्ट्रॉनिक्स शिकली होती. शिक्षण संपलं तेव्हा मामा म्हणाले होते, सहा महिने येऊन जरा हातभार लाव, घरचाच कारखाना आहे. त्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं. आल्याच्या पहिल्याच आठवड्यात खोक्याची नवी छपाई निघाली, तेव्हा तक्रारीसाठी कोणाचा नंबर टाकायचा असा प्रश्न आला. मामा म्हणाले, तात्पुरता तुझा टाकू. खोके एकदम लाखभर छापून आले. तेव्हापासून ज्यांच्या ज्यांच्या घरात अंधार झाला त्या सगळ्यांच्या तोंडी भाचीचा नंबर होता. कारखान्यात तिला तक्रारमॅडम म्हणत, आणि तेही तोंडावर.

तिने काय नाही केलं? मेलेले बल्ब फोडून मामांच्या टेबलावर ओळीने ठेवले. मामा म्हणाले, टेबलावर काचा नको. नुसता कपॅसिटर बदलला तर आयुष्य किती वाढेल याचा आलेख काढून दाखवला. मामा म्हणाले, चित्र छान आहे. ती हट्टाने म्हणाली, मामा, दोन कपॅसिटरांत फरक चहाच्या एका घोटाएवढा आहे. मामा म्हणाले, दिवसाला इतके घोट प्यायलो तर मूत्रपिंडं जातील. मामांशी वाद घालणं म्हणजे उशीला बुक्क्या मारण्यासारखं होतं. उशी फुटत नाही आणि दमतो आपणच.

फोन मात्र यायचेच. काही लोक शिव्या द्यायचे, ते परवडायचे. न परवडणारे एकच होते, जिन्याचे आजोबा. हे नाव तिनेच फोनमध्ये टाकलं होतं. त्यांच्या घराच्या जिन्यात एकच दिवा, जवळच्या दुकानात एकाच कंपनीचे बल्ब, आणि बायकोला नीट दिसत नाही.

"नमस्कार, मी जिन्यातनं बोलतोय," ते म्हणायचे. "आजही गेला. तक्रार नाही हो माझी. कळवावं म्हणून फोन केला."

"आजोबा, नवीन पाठवते मी."

"पाठवा. तोवर मी हिला हात धरून वर नेतो. दोघांनाही तेवढाच व्यायाम."

त्या दिवशी भाचीला जेवण जायचं नाही.

फळीवरची मांडणी फसल्यावर मामांनी युद्धच पुकारलं. प्रत्येक दुकानातले घरचे सगळे परत आणायचे आणि तिथे फक्त जावई ठेवायचे. या कामावर सेल्समन निघाला. त्याला सगळे वादळ म्हणत, कारण तो गोगलगायीच्या वेगाने फिरायचा. वादळ एका टोकाच्या दुकानात जावई भरून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या दुकानातले विकले गेलेले असत, आणि दुकानदाराने माळ्यावर राहून गेलेले घरचे खाली काढलेले असत.

"लोक विकत घेतायत," वादळ येऊन सांगायचा.

"असे कसे विकत घेतायत?" मामा ओरडायचे. "सांगायचं नाही का त्यांना, दुसऱ्या कंपनीचे घ्या म्हणून?"

भाचीने कपाळ टेबलाला टेकवलं. आपला माल खपतोय म्हणून ओरडणारा कारखानदार पृथ्वीच्या पाठीवर एकच होता, आणि तो नेमका तिच्या आईचा भाऊ होता.

मग मामांनी तो माणूस ओळखायचं ठरवलं. तपासणीवाला पावती मागणारच, हा त्यांचा तर्क. दुकानदारांना निरोप गेले की पावती मागणारा दिसला की त्याला बसवून ठेवा आणि फोन करा. पहिला फोन आला तसे मामा जावयांची पिशवी घेऊन धावले. त्या गृहस्थाला त्यांनी दोनदा चहा पाजला, हवापाण्यावर बोलले, मुलाबाळांची चौकशी केली. तासाभराने कळलं, गृहस्थांना पंख्याचा रेग्युलेटर परत करायचा होता.

"चहा चांगला होता," जाताना ते म्हणाले. "पण रेग्युलेटर घेतच नाहीत हे लोक."

त्या संध्याकाळी मामा कारखान्यात आले आणि टोपलीतला एक घरचा बल्ब हातात घेऊन उभे राहिले. कारागिरांचे हात थांबले.

"उद्यापासून घरचे बंद," मामा म्हणाले. "सगळे जावई करा."

जुना कारागीर चष्म्यावरून बघत म्हणाला, "सगळेच जावई झाले तर भांडी कोण घासणार, शेठ?"

"तात्पुरतं आहे. तो येऊन नमुने घेऊन जाईपर्यंत. स्वस्तातल्या कपॅसिटर-पत्र्याच्या गोण्या दाराशीच राहू द्या, परत लागतील."

दोन वर्षं भाची जे डोकं फोडून मागत होती ते असं, चुकून, भीतीपोटी मिळालं होतं. आनंद व्हायला हवा होता. तिला झाला तो संताप. आलेखाने नाही, फुटलेल्या बल्बांनी नाही, जिन्याच्या आजोबांनी नाही. कोणी एक माणूस, ज्याला कोणी पाहिलेलं नाही, तो कदाचित येईल म्हणून. तिने दाराशी जाऊन त्या गोण्यांवर ताडपत्री ओढली आणि एका गोणीला लाथ मारली. गोणी हलली नाही. अंगठा मात्र दोन दिवस दुखला.

नंतरचे महिने विचित्र गेले. आधी फोन नेहमीसारखेच येत होते, कारण बाजारातले जुने बल्ब आपापल्या गतीने मरत होते आणि त्यांच्या बदली जावई जात होते. मग फोन विरळ झाले. मग एक दिवस असा आला की दुपारपर्यंत फोन वाजलाच नाही आणि भाचीने तो बिघडला असेल म्हणून वादळाकडून स्वतःला फोन करवून बघितला. परत आलेल्या मालाचं पिंप रिकामं झालं तेव्हा कारागिरांनी त्यात पाणी भरून ठेवलं.

एका दुपारी जिन्याच्या आजोबांचा फोन आला. तिने घाईघाईने कागद पुढे ओढला.

"कधी गेला, आजोबा?"

"नाही, नाही. चालू आहे. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, चालूच आहे. कळवावं म्हणून फोन केला."

"बरं," भाची म्हणाली. तक्रारीच्या फोनवर अशा वेळी काय बोलायचं ते तिला कोणी शिकवलं नव्हतं.

"ही आता एकटी चढते," आजोबा म्हणाले. "मला विचारतपण नाही."

त्याच आठवड्यात मामांबरोबर ती एका दुकानात गेली होती. तिथला दुकानदार तोंडभरून कौतुक करणारा नव्हता. उलट, चांगलं बोलला तर पुढच्या खेपेला भाव चढेल असा हिशेब करणारा. तो म्हणाला, "साहेब, तुमचा बल्ब आजकाल परत येत नाही. काय केलंत?"

मामांनी फळीकडे पाहिलं. "काही नाही. मांडणी सुधारली."

परतीच्या वाटेत एरवी मामा पत्र्याच्या भावाबद्दल बोलत. त्या दिवशी त्यांनी टेम्पोच्या खिडकीतून दिसणारी, दिवे लागलेली घरं पाहिली, आणि एकदा तर मान वळवून पाहिली.

मग मामींचा फोन आला. मामी कधी कारखान्याच्या भानगडीत पडत नसत.

"अगं, ह्यांना झोप नाही. नुसते आढ्याकडे बघत पडतात. जेवणही धड नाही. परवा दूधवाला आला तर म्हणे, हा पिशवी घेऊन का फिरतो? मी म्हटलं, दूध हातात आणेल का तो? तुझी ती मैत्रीण आहे ना त्या प्रयोगशाळेत, दिव्यांची राखण करणारी? तिला एकदा विचार. कधी येणार तेवढं कळलं की सुटतील ग हे."

"मामी, ते सांगत नसतात."

"माझ्यासाठी विचार. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर मलाच औषध द्यावं लागेल."

मैत्रीण कॉलेजातली होती आणि प्रयोगशाळेत खरोखरच दिव्यांची राखण करत होती. भाची तिला भेटायला गेली तेव्हा एका लांबलचक खोलीत मांडण्यांवर ओळीने बल्ब जळत होते, भर दुपारी, शेकड्यांनी. खोलीत पंखा नव्हता. वाऱ्याने बल्ब गार राहतो आणि मग खोटं आयुष्य जगतो, असं मैत्रीण म्हणाली. ती गॉगल लावून फिरत होती आणि समुद्रकिनारी नोकरी लागल्यासारखी दिसत होती.

एका ओळीत मधलाच एक बल्ब काळा होता.

"हा गेलाय," भाची म्हणाली.

"हो. पडून राहू दे."

"काढत का नाहीस?"

"काढायचा नसतो. मेला तरी मोजणीत असतो."

"मग दुसरा लाव."

"आणि मग काय बघू? माझ्या मनातला बल्ब?" मैत्रिणीने गॉगल कपाळावर चढवला. "काय काम काढलंस? खरं सांग."

भाचीने सांगितलं. शिडी, दुकानं, वादळ, रेग्युलेटरवाला. मैत्रीण हसत हसत खाली बसली. मग डोळे पुसत म्हणाली, "अगं, यंदा कोणाचे बल्ब उचलायचे याचीच आधी सोडत असते. ती कधीच झाली. तुझ्या मामांचं नाव निघालं नाही. कोणी येणार नाहीये."

"कोणीच?"

"कोणीच. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी."

"कारखान्याला कळवतात का?"

"ज्याचं निघालं त्याला कळवत नाहीत, न निघालेल्याला कशाला कळवतील? आणि हे मी तुला सांगितलेलं नाही."

"काय?"

"शाब्बास."

बसमध्ये भाचीने सगळं नीट ठरवलं. मामांना सांगायचं. माणूस झोपेविना झुरतोय, आणि आपण बल्बाचा विचार करतोय, हे काही बरं नाही. मामाच तो. लहानपणी सायकल त्याने शिकवली होती, आणि पडल्यावर, सायकलला काही झालं नाही ना, असं त्यानेच विचारलं होतं. सांगून टाकायचं. मग दाराशी पडलेल्या गोण्या आत जातील, पिंपातलं पाणी ओतून द्यावं लागेल, आणि ज्यांना कळवावं वाटेल ते कळवतील. ती एक स्टॉप पुढे जाऊन उतरली आणि चालत मागे आली.

मामा जेवून आरामखुर्चीत बसले होते. डोळ्यांखाली काळं झालं होतं. मामी भांडी आवरत असल्याचं दाखवत स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. एकच वाटी त्या केव्हापासून पुसत होत्या.

"भेटलीस का तिला?" मामा म्हणाले.

"भेटले."

"थांब. लगेच सांगू नको." मामा खुर्चीत सरळ झाले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग नखांकडे बघत त्यांनी विचारलं, "येणार नाहीत, असं तर काही म्हणाली नाही ना?"

भाचीने उघडलेलं तोंड तसंच राहिलं. मामा नखांकडेच बघत होते.

"कधीही येतील म्हणाली," भाची म्हणाली. "कुठल्याही दुकानात."

"पुढच्या महिन्यात?"

"सांगता येत नाही."

"पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीही येऊ शकतात."

"म्हणजे गाफील राहून चालायचं नाही."

"नाही."

"म्हणजे त्या दाराशी गोण्या आहेत..."

"अडगळच आहे ती, मामा."

"देऊन टाक परत," मामा वैतागून म्हणाले. "नियमच असले काढतात, माणसाने करायचं तरी काय!" एवढं बोलून त्यांनी पाय लांब केले, मान मागे टाकली आणि बघता बघता घोरायला लागले. साधं घोरणं नव्हतं. इतक्या दिवसांची बाकी एकदम वसूल होत होती.

मामी वाटी हातात घेऊन बाहेर आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग भाचीकडे.

"काय सांगितलंस ग ह्यांना?"

"येतील म्हणून."

"आणि ते ऐकून झोपले?" मामी जवळ आल्या. "खरं सांग. येणारेत का कोणी?"

मामांचा एक हात खुर्चीवरून घसरून खाली लोंबत होता. भाचीने तो उचलून हळूच त्यांच्या पोटावर ठेवला.

"हळू बोला, मामी," ती म्हणाली. "जागे होतील."